माफी कशाची, ते वाक्य सांगा

सांगवीघाट, ता. वडवणी
४ मे २०२५

शिवांजली,

वर 'चिरंजीव' लिहिलं नाही, आशीर्वादही नाहीत. विसरलो नाही, राग आहे म्हणून गाळले. तुझा फोन बंद आहे. आमच्या फोनवर एवढ्या शिव्या येतात, तर तुझ्या फोनवर काय येत असेल ते समजतं मला. तुझ्या मैत्रिणीचा, आरोहीचा पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तीही सुखासुखी देत नव्हती. "आता तिथं पण छळता का पोरीला?" म्हणाली. म्हणजे या घरात छळणारा मी एकटाच उरलो.

आता मुद्द्याचं. बसव जयंतीला तू चौकात बोलत असताना माइक बंद पडला, तो वायर सुटल्यामुळं नाही. गावाला मी तसंच सांगितलंय. पण लहानपणी तू अँप्लिफायरच्या पेटीवर बसून डबा खायचीस, तुला ती थाप पटली नसणार. माइक मी बंद केला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन, हेही लिहून ठेवतो.

तीस वर्षं झाली मला या माइक-स्पीकरच्या धंद्यात. दारू पिऊन माइक धरणारा, लग्नात व्याह्यांचा मानपान काढणारा, दोन मिनिटं मागून पाऊण तास खाणारा, अशांचा आवाज मी हळूहळू उतरवत आणतो. बोलणाऱ्याला कळत नाही, लोकांना ऐकू जात नाही, आणि कार्यक्रम सुखरूप पार पडतो. तुझा एकदम बंद केला, कारण हळूहळू करायला तू सवडच ठेवली नाहीस. बसवण्णांच्या मंडपात जोडे शिवणाऱ्याला आणि नाव वल्हवणाऱ्यालाही बोलायची मुभा होती, इथपर्यंत छान चाललं होतं. राजेश्वरमामा मान डोलवत होता. तिथंच थांबायचंस. पण नाही. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्याचे पुढारी विजयसिंह भैय्या हार घालून बसलेले, आणि तू त्यांच्याकडं वळून म्हणालीस, "आपल्या रुद्रभूमीत गाळे बांधायला निघालेल्या माणसाला आपण बसवण्णांच्या फोटोशेजारी बसवलंय, आणि कुणीच का विचारत नाही?"

अगं, सगळ्यांना माहीत आहे. हायवेला लागून असलेली आपल्या समाजाची जागा, तिथं आपण पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरली. त्याच जागेच्या कडेला भैय्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या, त्या आंधळ्यालाही दिसतात. कुणी विचारत नाही, कारण विचारून झालं की मग गावातच राहायचं असतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ही म्हण काय मी काढली नाही.

बिभीषण येऊन गेला. भैय्यांचा उजवा हात तो, तुला सांगायला नको. ओट्यावर बसला, तुझ्या आईच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "अप्पा, पोरीला सांगा, हात जोडून एक व्हिडिओ पाठव म्हनावं. माझं चुकलं, माहिती न घेता बोलले. बस. भैय्यांचं मन लई मोठं हाय. पन पोरं तापलीत. न्हाई पाठवला तर मंग मला बोल लावू नका."

तेवढं करून टाक. वीस सेकंदांचं काम आहे. लोक आठ दिवसांत विसरतील, तू जूनमध्ये शाळेवर रुजू हो.

अप्पा


सांगवीघाट
१९ मे २०२५

शिवांजली,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "अप्पा, माफी मागते. कशाची, ते वाक्य सांगा." आणि खाली सही. बापाला पेपर काढून दिल्यासारखं.

मीही हट्टाचा आहे. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी पेनड्राइव्हवर घेतो, पुढंमागं कुणी मागतं म्हणून, हे तुला ठाऊक आहे. तुझं भाषण लावून बसलो. म्हटलं, एक खोटं वाक्य सापडू दे, ते पत्रात लिहितो आणि हा विषय संपवतो. तीनदा ऐकलं. जागा आपली, हे खरं. गाळे होणार, हेही खरं. कुणी विचारत नाही, हे तर सगळ्यांत खरं. तुझी आई भाकऱ्या थापत होती. तिसऱ्यांदा लावल्यावर म्हणाली, "सापडलं का?" मी आवाज कमी केला.

मग म्हटलं, खोटं नसेल, पण उर्मट असेल. तर तेही नाही. 'माणूस' म्हणालीस, 'आपण' म्हणालीस. भैय्यांवर नाव घेऊन शिवीगाळ नाही, जात नाही, काही नाही. नुसता प्रश्न आहे. तो संपताच कट्ट आवाज येतो. तो माझा.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. तू बोलत होतीस तेव्हा बिभीषण स्टेजच्या बाजूनं उतरून माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला होता. तुला वाटेल, त्यानं मला सांगितलं. नाही. तो काहीच म्हणाला नाही. नुसता बसला, पान खात होता. मी आपणहून बंद केलं. त्यानं धमकी दिली असती तर आज मला जरा बरं वाटलं असतं.

इकडचं म्हणशील तर, लग्नाच्या तीन ऑर्डरी रद्द झाल्या. वडवणीच्या आठवडी बाजारात दोघे जण मला बघून वाट बदलून गेले. तुझ्या शाळेच्या संस्थेनं पुढच्या वर्षी तुला घेणार नसल्याचा निरोप पाठवला, कारण दिलं नाही. राजेश्वरमामा आला होता. तो तुझ्या आईचा सख्खा भाऊ, जयंती कमिटीचा अध्यक्ष. मला वाटलं, धीर द्यायला आला. तर आल्या आल्या बहिणीवरच घसरला.

"शिवगंगा, पोरीला लई शिकवली तुमी. आता भोगा. समाजाचं नाव घालवलं तिनं."

"समाजाचीच जागा हाय ना, दादा? तिनं काय स्वतःच्या अंगणाबद्दल इचारलं का?"

"ते इचारायचं ठिकान असतंय. जयंतीत न्हाई इचारायचं."

"मंग कुठं इचारायचं?"

मामा उठला. मग चपला घालता घालता म्हणाला, "कमिटीत बोलू." कमिटीत गेल्या सहा वर्षांत डीजे कोणता आणायचा यापलीकडं काही बोललं गेलेलं नाही. मला ठाऊक आहे, डीजे माझाच असतो.

त्याचं ते 'ठिकाण' डोक्यातून जाईना. तीस वर्षं मी सगळ्या थोरांच्या जयंत्या स्टेजखाली बसून ऐकल्यात. एप्रिल-मे म्हणजे आमचा सुगीचा काळ. भाषणं पाठ आहेत मला. जोतीराव फुल्यांवर मारेकरी घातले, हे सांगताना वक्ते पाण्याचा घोट घेतात. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलं म्हटलं की बाया पदर डोळ्यांना लावतात. बीडहून एक प्राध्यापक यायचे, ते सांगायचे की आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. आणि बसवकल्याणला बसवण्णांच्या शरण-अनुयायांनी जातीबाहेर लग्न लावलं तर राजानं काय हाल केले, ते तर आपल्या घरात लेकरालाही ठाऊक. लोक टाळ्या वाजवतात, मी आवाज वाढवतो, नारळ फुटतो.

तर मला असा प्रश्न पडला. जोतीराव त्या काळी माझ्या दारात आले असते आणि म्हणाले असते की, बाबा, तुझा माइक दे, मला बोलायचंय, तर मी दिला असता का? खोटं कशाला लिहू? नसता दिला. म्हटलं असतं, महाराज, तुमचं खरं असेल, पण माझ्या पोटावर कशाला? ज्यांचे आज फोटो आहेत, ते त्या वेळी सगळ्यांना चुकीच्या ठिकाणी बोलणारेच वाटले असतील. त्यांचा एक जरी माइक चालू राहिला असेल, तर तो माझ्यासारख्यामुळं नाही.

पण हे माझं मला. तू थोर नाहीस, तू माझी मुलगी आहेस. थोरांना सांभाळायला इतिहास आहे, तुला सांभाळायला फक्त आरोहीची खोली. व्हिडिओ पाठव.

अप्पा


सांगवीघाट
१० जून २०२५

अंजू,

तुझा व्हिडिओ आला नाही, म्हणून मी माझा दिला.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. तरी तुला आधीच कळलं असेल, तो तालुकाभर फिरतोय. बिभीषणानं मला भैय्यांच्या वाहनांच्या शेडमध्ये उभं केलं. मागं भिंत पांढरी हवी म्हणून दोनदा जागा बदलली. मी म्हणालो, "माझी मुलगी अजाण आहे, तिच्या वतीनं मी सर्वांची माफी मागतो." तो म्हणाला, "आवाज बारीक येतोय अप्पा, पुन्यांदा." मला, चन्नप्पाला, तो आवाजाचं शिकवत होता. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणालो. तू एम.ए. झालीस आणि मी तुला अजाण म्हणालो.

घरी आलो तर तुझ्या आईनं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि उठून गेली. तेव्हापासून वाढते, पण बोलत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, हे मला वाटायचं मला ठाऊक आहे. नव्हतं. मार खाणाऱ्यानं स्वतःचंच तोंड दाबलेलं असलं तर कुणाकडं तक्रार करणार?

मला वाटलं होतं, आता मिटलं. तीन दिवस मिटलंही. अहिल्यादेवींच्या जयंतीची ऑर्डर हातची गेली होती, पण एका बारशाचं काम आलं. चौथ्या दिवशी रुद्रभूमीत जेसीबी आला. नुसती साफसफाई म्हणाले. बोरी-बाभळी काढल्या, कडेचा एक जुना चबुतरा काढला. वर लिंग कोरलेला दगड होता, तो उचलून बांधाला टेकवून ठेवला. सोमवारी मी बेल वाहायला गेलो तेव्हा पाहिलं.

आणि परवा बिभीषण पुन्हा आला. आता चहा मागितला नाही, तुझी आई देणारही नव्हती. महिनाअखेर ग्रामसभा आहे. त्यात जागेचा ठराव यायचाय. हायवेकडच्या पट्ट्यात कुणाचंच दफन नाही, असं आपल्या समाजातल्या एका जाणत्या माणसानं उठून सांगायचं. तो जाणता माणूस मी.

"आता तुमी आमच्यातले झाले अप्पा," म्हणाला. "मामा बी चालला असता, पन त्यांचं कुनी ऐकत न्हाई. तुमचा व्हिडिओ लोकांनी पाह्यलाय. तुमच्यावर इस्वास बसंल."

मी विचारलं, "आणि न्हाई म्हनलो तर?"

"कावून न्हाई म्हनताल?" तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं. ज्यानं एकदा हात जोडले तो पुन्हा का जोडणार नाही, हे त्याला कळत नव्हतं.

माझे वडील त्या पट्ट्यात आहेत, हे तुला माहीत आहे. बिभीषणाला माहीत नसावं. की माहीत असून आला?

काय करू ते कळत नाही. व्हिडिओ पाठव असं आता लिहीत नाही. दुसरं काय लिहावं तेही सुचत नाही. जेवत जा.

अप्पा


सांगवीघाट
१ जुलै २०२५

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

काल ग्रामसभा झाली. शाळेच्या व्हरांड्यात होती, पंखे बंद, माणसं दाटीवाटीनं. भैय्या खुर्चीवर नव्हते, कडेला सतरंजीवर बसले होते, साधेपणानं. ठराव वाचला गेला. ग्रामसेवकानं विचारलं, या पट्ट्यात दफन नाही, याबद्दल कुणाला काही सांगायचंय का? बिभीषणानं माझ्याकडं पाहून मान हलवली.

मी उठलो. जन्मभर दुसऱ्यांच्या बोलण्याची सोय केली, पण आपण चार माणसांत कधी उभा राहून बोललो नव्हतो. माइक तपासताना 'हॅलो, हॅलो' म्हणायचो तेवढंच. व्हिडिओत बोललो ती वाक्यं दुसऱ्याची होती.

म्हणालो, "या पट्ट्यात माझा बाप बसलेला हाय. आपल्यात मानसाला आडवं घालत न्हाईत, बसवून पुरतात, हे साऱ्या गावाला ठाव हाय. त्येच्या हातात लिंग मी सवताच्या हातानं ठेवलं. त्येच्या शेजारी माझी चुलती हाय. तिच्या पल्याड कोन कोन बसलंय ते बाकीच्यांनी सांगावं. तिथं गाळे बांधायचे असतील तर आधी माझ्या बापाला उठवा. आनि माझी पोरगी अजान न्हाई. मी तसं बोललो ते भेऊन बोललो."

खाली बसलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राजेश्वरमामा पायाच्या अंगठ्यानं सतरंजी खरडत होता. मग बायांच्या बाजूनं आवाज आला, "माझी सासू हाय तिथं." तुझी आई उठली होती. पदर नीट करून तिनं सासूचं नाव घेतलं, गाव-माहेर घेतलं. म्हणजे माझ्या आईचं, जे घ्यायचं मी विसरलो होतो. त्यावर मागून म्हातारे त्रिंबकराव काठी टेकत उठले. ते आपल्या समाजाचे नाहीत, त्यांचा त्या जागेशी संबंध नाही. एवढंच म्हणाले, "मी खांदा दिलता त्यांच्या बापाला. जागा तीच हाय." ठराव काल मंजूर झाला नाही. पुढं ढकलला. ढकलला म्हणजे मोडला असं नाही, ते मला समजतं.

आज पहाटे टेम्पोच्या काचा फुटलेल्या दिसल्या. दोन कर्णे विहिरीत टाकले होते. ठाण्यात गेलो. हवालदार वयानं तुझ्याएवढाच असेल. त्यानं कुणी फोडल्या हे विचारण्याआधी विचारलं, "काका, तुमी कावून बोलले पन?" मी त्याला म्हणालो, "बाबा, माइक लावायचा तर तुमची परवानगी लागते. दहानंतर चालू राहिला तर तुमी उचलून नेता, दंड करता. बोललेल्या मानसाला घरी सुखरूप पोचवायचा काही नियम हाय का तुमच्याकडं?" तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "घटनेत लिव्हलंय काका, पन इथं पोचायला लई येळ लागतो." तक्रार मात्र लिहून घेतली. हट्टानं बसून राहिलो म्हणून घेतली.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. दुपारी आरोहीनं तुझ्या आईला फोन केला. काचांचं तुला कळलं. आता अप्पांना त्रास नको, म्हणून तू उद्या व्हिडिओ करून टाकणार आहेस, असं ती म्हणाली. मी लगेच तिलाच सांगितलं की हे होऊ देऊ नकोस. पण फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहून रात्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं देतोय.

तू दीड महिन्यापूर्वी विचारलं होतंस, माफी कशाची, ते वाक्य सांगा. मी शोधलं. नाही सापडलं. सापडणारच नव्हतं. आता माझ्या टेम्पोच्या काचांसाठी तू असं वाक्य तयार करणार असशील, तर मी सांगतो, तसं करू नकोस. काचा नव्या बसतील. धंदा बसला तर बसला. तुझी आई शिवणाचं बघते म्हणते, मी परळीला कुणाकडं कामाला राहीन. जिवाला धोका आहे हे मी लपवत नाही. भीती मला रोज वाटते, कुत्रं भुंकलं तरी वाटते. आईलाही वाटते, पण ती आता माझ्याशी बोलते.

गावात काही लोक म्हणतात, पोरीनं उगाच तोंड उघडलं. त्यांच्यातलेच दोघे आज संध्याकाळी येऊन हळूच विचारून गेले, आमचा आजा कुठल्या बाजूला असंल हो? मी त्यांना उद्या जागेवर या म्हणालो. येतील की नाही, कुणास ठाऊक.

तू ये किंवा येऊ नको, ते तुझ्यावर. मोठी आहेस. फक्त एवढं लक्षात ठेव. तू हात जोडून 'माझं चुकलं' म्हणालीस, तर माझी मुलगी खोटं बोलतेय असं मी दुसऱ्या दिवशी चौकात उभा राहून सगळ्या गावाला ओरडून सांगेन.

तुझा,
अप्पा